सही लपवायची कुठे?

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून परतताना माझ्या एका फोटोग्राफर मित्राने रस्त्याकडेच्या एका हॉटेलासमोर गाडी थांबवली. हॉटेलाच्या फ्लेक्सवर कासच्या पठारावरची सीतेची आसवं होती. डावीकडच्या फुलाच्या पाकळीला दवाचा एक थेंब लोंबत होता. पहाटे साडेसहाला पायवाटेवर पालथं पडून त्याने स्वतः टिपलेला थेंब. कोपऱ्यात टाकलेलं त्याचं नाव मात्र कोणीतरी कापून टाकलं होतं.

घरी येऊन त्याने दोन गोष्टी केल्या. स्वतःच्या वेबसाइटवर राइट क्लिक बंद केलं, आणि ‘माझे फोटो वापरण्यास मी परवानगी देत नाही, रोम कराराचा आधार घेऊन जाहीर करतो’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर स्टेटसला ठेवला. दोन्हींचा उपयोग शून्य. फोटो स्क्रीनवर दिसतो, त्याअर्थी तो पाहणाऱ्याच्या फोनमध्ये पोचलेलाच असतो. स्क्रीनशॉटला राइट क्लिक लागत नाही. आणि रोम करार आहे युद्धगुन्हे आणि नरसंहारासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा. दारात लिंबू-मिरची टांगावी तसा हा मजकूर लोक टांगतात. सुशिक्षित माणसंही टांगतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यापायी खरे उपाय बाजूला राहतात.

मग फोटोवर मधोमध मोठं नाव छापावं का? त्यातही एक मेख आहे. 2017 मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर जसाच्या तसा असेल, तर संगणक तो आपोआप पुसू शकतो. सगळे फोटो एकमेकांवर ठेवले की चित्रं एकमेकांत मिसळून धूसर होतात, आणि सगळ्यांत सारखं असलेलं नाव तेवढं ठळक उरतं. एकदा ते नाव नेमकं कळलं, की प्रत्येक फोटोतून वजा करता येतं. म्हणून दर फोटोत नावाचा आकार थोडा वेडावाकडा करावा, असा उपायही त्यांनीच सुचवला.

पण मला खरं सांगायचंय ते न दिसणाऱ्या सहीबद्दल.

कोणतंही चित्र म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या नक्ष्यांची बेरीज, असं गणिताने मांडता येतं. काही पट्टे रुंद, काही केसासारखे बारीक. कोणती नक्षी किती प्रमाणात घ्यायची, त्या आकड्याला गुणक म्हणू. हे गुणक काढण्याची रीत, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, 1974 मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी प्रसिद्ध केली. आपल्या फोनमधला जेपेग फोटो तिच्यावरच चालतो. जेपेग चित्राचे 8 गुणिले 8 ठिपक्यांचे चौकोन पाडतो, प्रत्येकाचे 64 गुणक काढतो आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे बारीक पट्टे टाकून देतो. फाइल लहान होते ती त्यामुळे.

आता सही कुठे लपवाल? सहज सुचतं ते हे, की जिथे कोणाचं लक्ष जाणार नाही अशा बारीक पट्ट्यांत. पण जेपेग नेमके तेच पट्टे फेकतो, आणि सहीही त्यांच्याबरोबर जाते! 1997 मध्ये कॉक्स, किलियन, लेटन आणि शमून या संशोधकांनी उलटी वाट धरली. सही चित्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या, ठळक गुणकांत घालायची. तीही एका जागी नाही, हजार गुणकांत चिमूटभर चिमूटभर वाटून. चोराला ती खरवडायची तर चित्रच खरवडावं लागतं.

ओळखायची कशी, ते सोपं करून सांगतो. गुप्त किल्लीवरून +1 आणि -1 अशा हजार आकड्यांची यादी बनवा आणि ती गुणकांत मिळवा. संशयित फोटोच्या गुणकांतून मूळ फोटोचे गुणक वजा करा. उरलेल्या प्रत्येक आकड्याला यादीतल्या त्याच जागच्या आकड्याने गुणा आणि सगळ्यांची बेरीज घ्या. सही शाबूत असेल तर उणे गुणिले उणे अधिक होऊन बेरीज 1000 येते. यादी दुसऱ्याच कोणाची असेल, तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेरीज शून्याच्या आसपास घुटमळते. साधारण 1000 च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे 32 च्या आगेमागे. समजा निम्मी सही पार पुसली गेली. तरी 500 उरतात, 32 च्या पंधरापटीहून जास्त! हा योगायोग असूच शकत नाही. एकेक आकडा कुजबुजल्याइतका क्षीण, पण हजारांनी एका सुरात म्हटलं की ऐकू येतंच. त्या चौघांनी फोटो छापला, त्याची झेरॉक्स काढली, ती पुन्हा स्कॅन केली, तरी सही सापडली. फ्लेक्सचा विचार करताना मला हेच आठवत होतं.

ही पद्धत अभेद्य नाही. फोटो किंचित फिरवला की गुणकांच्या जागा सरकतात, आणि तो आधी सरळ जुळवून घ्यावा लागतो. एआयकडून चित्र नव्याने रंगवून घेतलं तर सही बऱ्याचदा नाहीशी होते. ‘शंभर टक्के चोरीबंद’ म्हणून सेवा विकणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नका. सही चोरी थांबवत नाही, चोरी झाल्यावर मालक कोण ते सांगते.

तिथून पुढे कायदा आहे. 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा हक्क बटण दाबताच फोटोग्राफरकडे येतो, नोंदणीची सक्ती नाही, आणि तो फोटोग्राफरच्या हयातभर, शिवाय त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. हक्क सांगणारी माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा 2012 च्या दुरुस्तीनंतर वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा.

मित्राच्या त्या फोटोत छुपी सही नव्हती. पण कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल त्याने जपून ठेवली होती. फ्लेक्सवर फुलं आहेत तेवढीच दिसतात. रॉ फाइलमध्ये त्यांच्या उजवीकडे ओला कातळ आहे, आणि त्यावर त्याच्या छत्रीचं टोक.