झुंबर, जर्मन नव-अभिजात

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून साधारण १८३० पर्यंत जर्मन राज्यांत, मुख्यतः प्रशियात, घडलेली काच आणि मुलामा दिलेल्या धातूची झुंबरे. रोकोको या आधीच्या नटव्या शैलीतील वाकडी-तिकडी वळणे जाऊन येथे सममिती आली. पाल्मेट (पंख्यासारखी पसरलेली पानाची नक्षी), अकँथस या काटेरी झुडपाची पाने, कलश, हंस हे अलंकरण प्राचीन ग्रीस-रोमकडून घेतलेले.

घडणीचा कणा म्हणजे धातूचे आडवे कडे. वरच्या लहान मुकुटापासून लोलकांच्या माळा पसरत कड्यापर्यंत उतरतात; कड्याला मेणबत्त्यांच्या शाखा बसवलेल्या असतात; कड्याखाली माळा पुन्हा आत वळून टोपलीसारखा आकार घेतात. काही नमुन्यांत माळा कारंज्याच्या धारांसारख्या सोडलेल्या दिसतात. मधल्या दांड्यावर वा तबकडीवर तांबडी किंवा निळी काच असली, की काचेतून आणि सोनेरी धातूवरून येणारा उजेड वेगवेगळा भासतो. पातळ पितळी पत्र्यावर ठसे उठवून केलेल्या पट्ट्याही आढळतात. त्या ओतीव कांस्यापेक्षा हलक्या आणि स्वस्त पडत. अस्सल मुलामा सोने-पाऱ्याच्या लेपाचा. तापवल्यावर पारा उडून सोने राही आणि कारागिराच्या श्वासातून विषही आत जाई.

उगमाविषयी मतभेद आहेत. तांबड्या काचेची पुष्कळ झुंबरे बाजारात दीर्घकाळ ‘रशियन’ म्हणून विकली गेली. (आपल्याकडे जुन्या वाड्यातील कोणतीही हंडी ‘बेल्जियम’ची ठरते, तसाच हा प्रकार.) रशियन पक्षाचे म्हणणे निराधार नाही: सेंट पीटर्सबर्गच्या शाही काचकारखान्यात रंगीत काच होत असे, आणि तेथे जर्मन वंशाचे कारागीरही होते. तरी बर्लिनमध्ये १७९२ मध्ये स्थापन झालेल्या वेर्नर आणि मीट यांच्या कांस्यकारखान्याची कामे पोट्सडाम आणि बर्लिनच्या राजवाड्यांशी जोडली गेल्यापासून बर्लिनचे पारडे जड झाले आहे. मात्र केवळ तांबड्या काचेवरून निवाडा करणे धाडसाचे ठरेल. शाखांचे वळण आणि पत्र्यावरील ठसे अधिक भरवशाचे.

तांबड्या काचेची परंपराही ब्रांडेनबुर्गमधील, म्हणजे बर्लिनभोवतीच्या प्रांतातील आहे. योहान कुंकेल याने १६८० च्या सुमारास पोट्सडाममध्ये सोन्याची तांबडी काच बनवली. शोधाचे पूर्ण श्रेय मात्र त्याला देता येत नाही. या काचेला रंग देणाऱ्या, सोने आणि कथिल यांच्या जांभळ्या साक्याला अँड्रियास कासियुस याचे नाव आहे. पोट्सडामची काचशाळा १७३६ च्या सुमारास त्सेख्लिनला गेली. भट्टीतून बाहेर येताना ही काच बहुधा फिकट, जवळजवळ बेरंग असते. पुन्हा तापवली की हळूहळू लाल चढते. उष्णतेचा अंदाज चुकला तर ती यकृतासारखी मळकट होते.

एम्पायर या नेपोलियनकालीन फ्रेंच शैलीच्या प्रभावाखाली कडी जड झाली. पुढे वास्तुकार कार्ल फ्रीडरिख शिंकेल (१७८१–१८४१) याच्या आखणीत रेषा पुन्हा सुटसुटीत झाल्या. कोरीव लाकडावर सोनेरी थर दिलेली झुंबरेही त्याच सुमाराची.

जुना नमुना तपासताना शाखांच्या मुळाशी आणि कड्याच्या खाचांवर कोरलेले जोडीचे आकडे आधी पाहावेत. शाखा उतरवल्यावर प्रत्येक आपल्याच खाचेत जावी, म्हणून ते घालत. आकडे जुळत नसतील, तर ती शाखा बहुधा दुसऱ्या झुंबराची. शाखेच्या पोटातून आरपार भोक असेल, तर ते सहसा विजेची तार ओढण्यासाठी नंतर पाडलेले असते.