क्रीडा, मनोरंजन व पर्यटन व्यवस्थापन : बेळगाव सीमाभागातील महाविद्यालयीन अध्ययन

फावल्या वेळातील करमणूक, संघटित खेळ आणि प्रवास यांचे नियोजन, अर्थव्यवहार व सोयीसुविधांची देखभाल यांचा पदवी स्तरावरील अभ्यास. पाश्चात्त्य विद्यापीठांत ही तिन्ही अंगे पुष्कळदा एकाच विभागात शिकविली जातात. बेळगाव व लगतच्या मराठीभाषक सीमाभागात ती शारीरिक शिक्षण, वाणिज्य आणि हॉटेल व्यवस्थापन अशा निरनिराळ्या शाखांतून विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतात.

उगम : या विद्याशाखेच्या आरंभाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एक मत तो अमेरिकेतील क्रीडांगण चळवळीत शोधते. 1906 मध्ये तेथे क्रीडांगण संघटना स्थापन झाली व ल्यूथर ग्यूलिक तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे 1926 च्या सुमारास मनोरंजन-कार्यकर्त्यांसाठी पदव्युत्तर प्रशिक्षण सुरू झाले, आणि मिनेसोटा विद्यापीठाची 1937 ची पदवी ही या विषयातील आरंभीची म्हणून सामान्यतः दाखविली जाते. दुसरे मत युरोपीय आहे. त्यानुसार लोझानचे हॉटेल विद्यालय (1893), रोबर्ट ग्ल्यूक्समान यांची बर्लिनमधील पर्यटन-संशोधन संस्था (1929) आणि स्वित्झर्लंडमध्ये हुन्झिकर व क्राप्फ यांनी 1940 नंतर केलेली सैद्धांतिक मांडणी हा खरा पाया होय. क्रीडा व्यवस्थापनाच्या बाबतीत वादाला जागा कमी आहे. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी 1957 मध्ये प्राध्यापक जेम्स मेसन यांना पत्र लिहून क्रीडासंस्था चालविणारी माणसे कोण तयार करणार, असा प्रश्न केला होता. त्यातून 1966 मध्ये ओहायो विद्यापीठाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा राहिला. हे तीन प्रवाह मुळात वेगळे होते व बऱ्याच उशिरा एकत्र आले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

भारतापुरते पाहता पहिल्या प्रवाहाचा धागा स्पष्ट आहे. ग्यूलिक अमेरिकेतील ज्या स्प्रिंगफील्डच्या संस्थेत शिकवीत, तेथेच पुढे शिकलेले हॅरी क्रो बक यांनी 1920 मध्ये मद्रासला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले. मुंबई प्रांत सरकारची कांदिवली येथील प्रशिक्षण संस्था 1938 ची. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात असल्याने येथील शाळांतील व्यायामशिक्षणावर याच परंपरेची छाप होती. तिच्याआधीची तालीम मात्र कोणत्याच अभ्यासक्रमातून आलेली नाही, हे विसरता येत नाही.

विद्यापीठीय चौकट : जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी (स्थापना 1949) संलग्न होती. त्या विद्यापीठाचे बेळगावातील पदव्युत्तर केंद्र 1982 चे. त्याचेच 2010 मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड. ही पदवी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या विनियमांनंतर दोन वर्षांची झाली. तिचा रोख क्रीडाशिक्षक घडविण्याकडे असून स्पर्धेचे अंदाजपत्रक किंवा मैदानाचा ताळेबंद यांना तीत दुय्यम स्थान आहे. पर्यटन पदवी वर्गांत शिरण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची 1994-95 ची व्यावसायिक विषयांची योजना कारण झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार 2021 पासून कर्नाटकात पदवीला क्रीडा, योग असे कौशल्यविषय जोडले गेले. 2024 मध्ये राज्याने ही चौकट सोडून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीची वाट धरली. एका तपात दोनदा बदललेल्या चौकटीत नवा विषय रुजणे अवघडच.

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयात हा विषय इंग्रजीत शिकावा लागतो. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी त्या राज्याच्या व्यावसायिक प्रवेशप्रक्रियेत सीमाभागाचा वेगळा प्रवर्ग आहे. हॉटेल व्यवस्थापनाकडे वळणाऱ्यांना तो उपयोगी पडतो.

क्षेत्रीय अभ्यास : या प्रदेशाइतकी आयती प्रयोगशाळा क्वचितच मिळेल. जत्रेतील जंगी निकाली कुस्त्यांचे मैदान हे त्याचे ठळक उदाहरण. यात्रा कमिटी घरोघरी वर्गणी गोळा करते आणि जाणते वस्ताद मल्लांची वजने व मागच्या लढती ध्यानात घेऊन जोडी ठरवितात. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ केली जाते. लहान मुलांच्या कुस्त्यांनी मैदान सुरू होते आणि पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीची वेळ येईपर्यंत हलगी गर्दीला धरून ठेवते. पंच, बक्षीस, इनाम देणारे दाते, बंदोबस्त, पाण्याचा टँकर असे सारे त्यात येते. व्यवस्थापनशास्त्रात ज्याला कार्यक्रम-नियोजन म्हणतात ते येथे कागदाविना चालते, आणि अभ्यासक्रमात त्याला जागा मिळालेली नाही ही उणीव ठळक आहे. बैलगाडी शर्यतींची गोष्ट वेगळी. त्यांना मुभा देण्यासाठी कर्नाटकाने 2017 मध्ये प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली व सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी ती वैध ठरविली. त्यामुळे परवाना, पशुवैद्यकीय तपासणी, अटी ही कामे आता आयोजकाच्या अंगावर आहेत.

सौंदत्तीच्या रेणुका-यल्लम्मा डोंगरावर मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूरकडचे भाविक करारावर घेतलेल्या एसटी गाड्यांनी येतात. देवस्थान एका राज्याचे, गर्दी व गाड्या दुसऱ्याच्या. वाहनतळ, स्वच्छता व पाणी यांचा हिशेब त्यामुळे गुंतागुंतीचा होतो. या क्षेत्रासाठी कर्नाटकाने 2024 मध्ये स्वतंत्र पर्यटन विकास मंडळाचा कायदा केला. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य (2011) वहनक्षमता, म्हणजे एखादे ठिकाण न बिघडता किती पर्यटक पेलू शकते, हे शिकविण्यास अधिक योग्य. तेथील बारापेडे गुहांत रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ हे अतिदुर्मीळ वटवाघूळ राहते, आणि गवाळी, आमगाव यांसारख्या गावांचा पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तुटतो. पर्यटकाला किती आत सोडावे हा प्रश्न येथे गावकऱ्याला रस्ता द्यावा की नाही या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. गोकाकचा धबधबा, हलशीची कदंबकालीन मंदिरे, बेळगाव किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर, राजहंसगड ही सहलींची नेहमीची ठिकाणे.

रोजगार : क्रीडाशिक्षकाच्या जागा मर्यादित आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव केंद्रातील बाल क्रीडा तुकडी आणि रामदुर्ग तालुक्यातील चंदरगीची निवासी क्रीडाशाळा खेळाडू घडवितात. व्यवस्थापक घडविणे हे त्यांचे काम नव्हे. पर्यटन व हॉटेल शिकलेल्यांचा ओढा चोर्ला घाटापलीकडील गोव्याकडे असतो.