‘बोट हलतंय, म्हणजे मोडलेलं नाही’ हा समज चुकीचा आहे

झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर आदळला की मैदानावरचे कोणीतरी ते बोट हमखास ओढते आणि ‘हलतंय ना, मग मोडलेलं नाही’ असा निर्वाळा देते. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू कोपराच्या खाली असून ते स्नायुबंधांच्या दोऱ्यांनी बोटांना ओढतात, त्यामुळे हाडाला तडा गेला असला तरी बोट हलू शकते.

नखाजवळचे पेर खाली लोंबत असेल आणि दुसऱ्या हाताने उचलल्यावर सरळ होऊन, सोडताच पुन्हा झुकत असेल, तर ते सरळ ठेवणारा स्नायुबंध तुटला आहे किंवा हाडाचा कपचा उडाला आहे, असे समजावे. तेथे मालिश किंवा ओढाताण मुळीच करू नये; एक्स-रे काढून घ्यावा. साधारणपणे शेवटचा सांधा 6 ते 8 आठवडे अखंड कडक आधारपट्टीत (स्प्लिंटमध्ये) सरळ ठेवावा लागतो, आणि मधला सांधा मोकळा राहतो. आंघोळीनंतर पट्टी बदलतानाही बोटाचे टोक टेबलावर टेकवून सरळच धरावे, कारण ते एकदा जरी वाकले तरी दिवसांची मोजणी बहुधा पहिल्यापासून सुरू होते. माझ्या मते खेळाडू नेमके येथेच घाई करतात. पट्टी लावून खेळण्याची मुभा काहींना मिळते, परंतु तो निर्णय डॉक्टरांचा असावा, कर्णधाराचा नव्हे.