मिठाने यीस्ट मरते का?

लसूण आणि हर्ब घालून घरी ब्रेड करताना मीठ यीस्टला लागू देऊ नये, लागले तर यीस्ट मरते आणि पीठ फुगत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. यात तथ्य फारच थोडे आहे. ५०० ग्रॅम मैद्याला सुमारे १० ग्रॅम, म्हणजे २ टक्के मीठ लागते; एवढ्या मिठाने आंबण्याचा वेग किंचित मंदावतो, परंतु यीस्ट मरत नाही, उलट पिठाला चिवटपणा देणारे ग्लुटेन हे प्रथिन घट्ट होऊन ब्रेडला चांगला पोत येतो. मिठाच्या दाट पाण्यात यीस्ट बराच वेळ भिजत ठेवल्यास मात्र नुकसान होते, पण तसे मुद्दाम कोण करेल?

पीठ फुगले नाही, तर आधी पाण्याकडे पाहावे. बोट बुडवताच चटका बसेल असे, ६० अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी यीस्टला खरोखर मारते. दुसरा संशय कच्च्या लसणावर घ्यावा. तो ठेचल्यावर तयार होणारे अ‍ॅलिसिन यीस्टची वाढ रोखते, त्यामुळे पिठात भरपूर कच्चा लसूण मळण्याऐवजी तो लोण्यात मंद आचेवर, कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत परतून, गार झाल्यावर घालावा.