छापील मात्रा हलल्या तर : नोटेशन देणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे छपाईला येणाऱ्या नोटेशनच्या बऱ्याच फाइलींसोबत एकच निरोप असतो : "लय चुकीची दिसतेय, पुन्हा टाइप करा." पुन्हा टाइप करायचे पैसे आम्ही घेतो, पण बहुतेक वेळा ते वाचू शकतात. आधी फाइल कॉम्प्युटरवर वाजवा आणि हातावर टाळी-खाली (तालाच्या टाळीच्या आणि बिनटाळीच्या मात्रा) धरा. ठेका बरोबर पडला तर बिघडली आहे ती फक्त मांडणी. सम (तालाची पहिली मात्रा) हुकली तर मात्र लिहिण्यातच घोळ आहे.

रूपक तालच घ्या. मात्रा सात, विभाग ३-२-२. स्टाफवर (पाश्चात्त्य नोटेशनच्या पाच रेघांवर) ७/८ लिहिलं की सॉफ्टवेअरला रूपक कळत नाही, सात क्वेव्हर (आठव्या भागाचे स्वर) तेवढे दिसतात. ते बीमने (वरच्या जाड रेघेने) २-२-३ असेही जोडले जातात. आवाजात काडीचा फरक पडत नाही, पण वाचणाऱ्याला चौथ्या आणि सहाव्या मात्रेची टाळी शोधत बसावी लागते. म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइम सिग्नेचरवर (त्या ७/८ च्या आकड्यावर) राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि बीमचे गट तिथे ३-२-२ असे तोडा. एकेक बीम हाताने तोडू नका. नवा बार (दोन उभ्या रेघांमधलं घर) घातलात की पुन्हा तेच काम. दादऱ्याला ६/८ घ्या, ३/४ नको. सहा क्वेव्हर दोन्हींत मावतात, पण ३-३ चे विभाग ६/८ मध्येच उठून दिसतात.

सर्वांत जास्त डोकेदुखी कीबोर्डवर वाजवून आणलेल्या मिडी फाइलींची (कोणता स्वर कधी आणि किती वेळ वाजला, याची नोंद). माणूस घड्याळासारखा वाजवत नाही. बोट केसभर उशिरा पडलं की सॉफ्टवेअर तो उशीरही इमानेइतबारे लिहून ठेवतं. परवा एका साध्या केरव्याच्या पहिल्याच बारमध्ये तीन टाय (स्वर जोडणाऱ्या कमानी) आणि दोन चिमुकले रेस्ट (विरामाच्या खुणा) निघाले. वाजवणाऱ्याने आठ सरळ स्वर वाजवले होते! फाइल आत घेतानाच क्वांटाइझची (स्वर जवळच्या नेमक्या जागी ओढण्याची) मर्यादा सोळाव्या भागावर ठेवा. चीज (बंदिश) तिश्र, म्हणजे तीन-तीनाच्या अंगाची असेल तर ट्रिप्लेटला (एका मात्रेत तीन सारख्या स्वरांना) परवानगी देऊन ठेवा, नाहीतर तीनाचे दोन-एक होतात आणि बंदिशीची चालच मोडते.

रिकाम्या जागी जादा रेस्ट दिसत असतील तर ते दुसऱ्या व्हॉइसमधले (त्याच स्टाफवरच्या दुसऱ्या, समांतर स्वरओळीतले) असण्याची शक्यता जास्त. ते निवडून डिलीट करा. पहिल्या व्हॉइसमधले डिलीट होत नाहीत, 'व्ही' दाबून लपवावे लागतात.

फिनाले हे नोटेशनचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी जुन्या फाइली आत्ताच म्युझिकएक्सएमएलमध्ये (इतर नोटेशन सॉफ्टवेअरलाही उघडता येणाऱ्या फाइल-प्रकारात) काढून ठेवाव्यात. फिनाले २०२४ मध्ये बंद झाल्याचं कंपनीनेच जाहीर केलं. स्वरांची लांबी सहसा नीट उतरते, मांडणी मात्र हलते. ती आम्ही बसवून देतो.

भातखंडे पद्धतीच्या (सा-रे-ग अक्षरांत लिहिलेल्या) फाइलींचं दुखणं वेगळं. एका मात्रेतल्या स्वरांखालचा अर्धचंद्र हा फॉन्टचा खेळ असतो. घरी नीट दिसलेली फाइल आमच्याकडे उघडली की अर्धचंद्राच्या जागी चौकोन येतो किंवा 'सारेग'मधला 'ग' बाहेर पडतो. तीन स्वरांची मात्रा मग दोनाची दिसते, आणि पुढची सगळी ओळ एकेक घर सरकल्यासारखी वाटते. त्यामुळे वर्डची फाइल एकटी पाठवू नका, फॉन्ट आत घेतलेली पीडीएफ सोबत द्या. मात्रा सरळ रेषेत आणण्यासाठी स्पेसबार मारत बसण्यापेक्षा टेबल करा : तीनतालाला सोळा रकाने, एका रकान्यात एकच मात्रा, समेची फुली आणि खालीचं शून्य खालच्या ओळीत. पलुस्कर या दुसऱ्या पद्धतीने लिहिलं असेल तर फाइलीवर तसं लिहा. तिथे मात्रांच्या खुणाच वेगळ्या आहेत, आणि आम्ही भातखंडे समजून बसलो तर चूक छापील होईल.

काम देताना मूळ फाइल, पीडीएफ आणि हस्तलिखिताचा फोटो आणा. फोनवर स्वतः टाळी देत गायलेली एक आवर्तनाची क्लिप असेल तर उत्तमच. प्रुफाचा एक फेरा त्यात वाचतो.