सेंटिनल सर्वेक्षण, एचआयव्ही (ग्रामीण विदर्भ)

ठरावीक दवाखाने व गटांतून ठरावीक मुदतीत रक्तनमुने घेऊन एचआयव्हीच्या प्रसाराचा कल जोखण्याची पद्धत. व्यक्तीचे निदान हा तिचा हेतू नाही. भारतातील तिचा आरंभ काही अभ्यासक १९८० च्या दशकातील तपासण्यांपर्यंत मागे नेतात. तथापि केंद्रे व नमुनासंख्या रीतसर ठरल्यानंतरचेच आकडे परस्परांशी ताडता येतात, म्हणून १९९८ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक.

प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या १५ ते ४९ वयाच्या गर्भवतींचे सलग ४०० नमुने प्रत्येक केंद्रावर घेतले जातात; देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसारख्या गटांसाठी ही संख्या २५० असते. पूर्वीच्या रीतीत सिफिलिस-तपासणीनंतर उरलेल्या रक्तावरून नाव-पत्ता काढून चाचणी होत असे. निकाल त्या बाईपर्यंत जात नसे. त्यासाठी आयसीटीसी केंद्रात (एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात) वेगळी चाचणी करावी लागे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा निनावी चाचणीस व्यक्तिगत संमतीतून सूट दिली आहे, मात्र हेतू सांगणे बंधनकारक केले आहे. कमी शिकलेल्या बाईला हा हेतू वऱ्हाडीत, कोरकूत किंवा गोंडीत समजावणे हे या कामाचे मर्म होय.

देशातील बाधितांचा २००५ चा अंदाज सुमारे ५२ लाख होता. तो २००७ मध्ये सुमारे २५ लाखांवर आला. सरकारी दवाखान्यांतील नमुन्यांमुळे अंदाज फुगत होता, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (२००५–०६) रक्तचाचण्यांवरून दिसले. हा युक्तिवाद सामान्यतः मान्य आहे. परंतु घरोघरच्या पाहणीत वीटभट्टीवर झोपड्या टाकून राहणारी कुटुंबे सहसा सुटतात, हेही तितकेच खरे.

विदर्भात माणसे सुटण्याची ही उणीव दवाखान्यातील नमुन्यांतही ठळक होते. मेळघाटातील कोरकू कुटुंबे खरिपानंतर मजुरीला बाहेर पडतात. २०१७ च्या सर्वेक्षण-फेरीतील नमुने जानेवारी ते मार्च या काळातले, म्हणजे अशी कुटुंबे बाहेर असतानाचे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीचा नमुना माहेरच्या तालुक्यात मोजला जातो, संसर्गाची शक्यता मात्र सासरच्या गावी. वणी व चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातील ट्रकचालकांपर्यंत दवाखान्यातील नमुना पोचतच नाही.

गावपातळीवर आशाताई व लिंक वर्कर (एचआयव्ही कार्यक्रमाचे गावातील कार्यकर्ते) जोखमीच्या व्यक्तींना तपासणीपर्यंत आणतात.