ॲपने बाहेर काढलं म्हणजे फोन हॅक झाला?

परवा नागपूर मेट्रोच्या सीताबर्डी स्टेशनवर ऑरेंज लाइन सोडून ॲक्वा लाइनकडे निघालो होतो. लिफ्टमधून बाहेर पडताच सोबतच्या काकूंच्या ॲपने पुन्हा पासवर्ड मागितला. "बाप्पा, फोन हॅक झाला नं माझा!" हॅक झालेला नव्हता. लिफ्टमध्ये नेटवर्क गेलं होतं, एवढंच.

लॉगिन केलं की सर्व्हर दोन टोकन देतो, म्हणजे पासवर्ड पुन्हा न विचारता ओळख पटवणारे दोन डिजिटल पास. ॲक्सेस टोकन थोडा वेळच चालतं. ते संपलं की रिफ्रेश टोकन दाखवून नवं आणायचं. 2012 च्या ओऑथ 2.0 या मानकातली ही सोय. रिफ्रेश टोकन बरेच दिवस चालतं, म्हणून चोरालाही तेच हवं असतं. त्यावर उपाय असा की ते एकदाच वापरायचं आणि दर वेळी त्याच्या जागी नवं घ्यायचं. जुनं पुन्हा आलं तर त्याची प्रत दोघांकडे आहे असं धरून सर्व्हर त्या लॉगिनपासूनच्या टोकनांची सगळी साखळीच रद्द करतो, आणि पुन्हा लॉगिन करावं लागतं.

आता लिफ्ट. फोनने टोकन पाठवलं, सर्व्हरने ते बाद करून नवं धाडलं, पण उत्तर वाटेत हरवलं. फोन बिचारा जुनंच टोकन पुन्हा पाठवतो आणि सर्व्हरला चोर दिसतो!

ही गाठ सोडवण्याची एक रीत मला फार आवडते. सर्व्हरने पाहावं, त्या जुन्या टोकनचा वारस, म्हणजे त्याच्या जागी दिलेलं नवं टोकन, एकदा तरी वापरला गेला का? वापरला असेल तर उत्तर पोचलं होतं, मग जुनं टोकन संशयास्पदच. वापरला नसेल आणि काही सेकंदच झाले असतील, तर तो वारस बाद करून दुसरा द्यावा. हे दुसरं टोकन चोराने पटकावलं असेल तर खरा मालक पहिला वारस घेऊन येतो, तो बाद निघतो आणि साखळी तुटते. म्हणजे सवलत देऊनही चोरी उघडी पडतेच. मात्र तपासणं आणि बाद करणं डेटाबेसमध्ये एकाच अविभाज्य व्यवहारात व्हायला हवं, नाहीतर एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्यांना दोन वारस मिळतात.

"लॉगआउट झालात? लगेच ही लिंक उघडा" असे फॉरवर्ड फिरतात. खरा धोका त्या लिंकमध्ये आहे.

आणि टोकनची मुदत खरोखरच संपली असेल तर? सर्व्हर 'इनव्हॅलिड ग्रँट', म्हणजे हे टोकन आता चालत नाही, असं कळवतो. ॲपने तेच टोकन पुन्हा पुन्हा पाठवू नये. शांतपणे लॉगिन मागावं आणि अर्धवट भरलेला फॉर्म जपावा. काकूंचा फॉर्म मात्र पुसला गेला होता. लोकमान्य नगरच्या गाडीत बसून त्यांनी तो पहिल्यापासून भरला.